ढेकूण झालेत? फवारणीच्या आधीचं काम आणि नंतरचं

घरात ढेकूण निघाले की बहुतेक जण पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करतात, तो येऊन पलंगावर फवारा मारून जातो, आठ-दहा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा मनगटावर तीन गांधी दिसतात. मग औषध बनावट होतं, माणूस लबाड होता, असं म्हणून दुसऱ्याला बोलवायचं. बऱ्याचदा औषध ठीकच असतं. चुकलेला असतो तो क्रम. फवारणी हे या कामातलं मधलं पाऊल आहे. तिच्याआधी निदान दोन दिवसांची मेहनत आहे आणि नंतर निदान आठ आठवड्यांची पहारेदारी. ती करायची तयारी नसेल तर फवारणीचे पैसेही वाचवलेले बरे.

आणि एक आधीच सांगून टाकतो: ढेकूण अस्वच्छतेमुळे होत नाहीत. त्यांना खरकटं नको, कचरा नको, त्यांना फक्त रक्त लागतं. चकाचक हॉटेलातही ते असतात. त्यामुळे लाजेपोटी महिनाभर गप्प बसू नका. त्या महिन्यात ते एका पलंगाचे दोन पलंग करतात.

ढेकूणच आहेत ना?

अंगावरच्या गांधींवरून निदान करू नका. डास, पिसवा, खरूज, साबणाची ॲलर्जी, सगळ्यांच्या खुणा कमीअधिक सारख्याच दिसतात. शिवाय एकाच अंथरुणावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर लाल गांधी उठतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, हे सर्रास घडतं. चावे दोघांनाही असतात, त्वचेची प्रतिक्रिया वेगळी. म्हणून 'मला नाही चावत, तुझंच काहीतरी' हे भांडण निरर्थक आहे.

पुरावा अंथरुणात शोधायचा. दिवसा चांगला टॉर्च आणि एक जुनं एटीएम कार्ड घ्या. चादर काढा आणि गादीच्या चारही कडांची शिवण बोटांनी उलगडत जा. फोमच्या गादीला कडेनं जी पाईपिंग असते तिच्या खालच्या बाजूला, विशेषतः डोक्याकडच्या दोन कोपऱ्यांत, पेनाची टोकं टेकवल्यासारखे काळे ठिपके ओळीनं दिसतील. ती त्यांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओला कापूस फिरवला की ठिपका तांबूस होऊन कापडावर पसरतो. त्याच्या आसपास फिकट पिवळट, पोकळ साली पडलेल्या असतात, त्या पिल्लांनी टाकलेल्या काती. फटीला चिकटलेली पांढरी, एक मिलिमीटर लांबीची अंडी दिसली तर मग शंकाच नको. मोठा ढेकूण मसुराएवढा, तपकिरी आणि चपटा असतो, रक्त प्यायला की फुगून लालसर होतो. फटीत कार्ड सरकवलं की लपलेले बाहेर येतात. काहीच सापडलं नाही आणि संशय जात नसेल तर पहाटे तीन-चारच्या सुमारास अचानक टॉर्च लावून बघा, तेव्हा ते बाहेर असतात.

एकाला पकडून झाकणाच्या बाटलीत ठेवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवायला उपयोगी पडतो.

त्यांचं वेळापत्रक

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. मादी रोज एक ते पाच अंडी घालते, आयुष्यभरात दोनेकशे. आपल्याकडच्या उबदार हवेत अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि दरवेळी त्याआधी त्याला एकदा रक्त प्यावं लागतं. असं करत पाच-आठ आठवड्यांत ते मोठं होऊन स्वतः अंडी घालू लागतं.

बहुतेक कीटकनाशकांचा अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे पहिल्या फवारणीत मोठे मेले तरी पुढच्या दहा दिवसांत नवी पिल्लं बाहेर येणारच. ती मोठी होऊन अंडी घालायच्या आत दुसरी फवारणी झाली पाहिजे. साधारण दोन आठवड्यांनी. 'एकदाच मारतो, वर्षाची गॅरंटी' असं कोणी म्हणालं तर त्याला चहा देऊन निरोप द्या.

ढेकणाला पंख नसतात, तो उडत नाही, उडी मारत नाही. चालत येतो, किंवा आपण त्याला उचलून आणतो. आणि उपाशी तो काही महिने तग धरतो, त्यामुळे खोली बंद करून पंधरा दिवस गावाला गेल्यानं काही होत नाही. परत आल्यावर ते तुमची वाटच पाहत असतात.

पहिल्या दिवशी काय करायचं नाही

त्या खोलीत झोपणं सोडू नका. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण तुम्ही हॉलमध्ये सोफ्यावर गेलात की चार दिवसांत ढेकूण तुमच्या मागून हॉलमध्ये येतात. मग एका खोलीचं काम दोन खोल्यांचं होतं. माहेरी किंवा मित्राकडे राहायला जाणं तर त्याहून वाईट, कारण बॅगेतून त्यांनाही भेट जाते.

गादी ओढत जिन्यानं खाली नेऊन कचऱ्यापाशी टाकू नका. वाटेत ढेकूण सांडतात आणि ती गादी दुसरा कोणी उचलून नेतो. टाकायचीच असेल तर आधी मोठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा, चिकटपट्टीनं बंद करा आणि वर मार्करनं 'ढेकूण आहेत' असं लिहा. खरं तर बहुतेक गाद्या टाकाव्या लागत नाहीत. नवी गादी आणून जुन्या पलंगावर टाकली तर तीही आठवड्यात भरते, कारण बरेच ढेकूण लाकडात असतात.

पलंग उघडा

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम हेच. पूर्वीच्या लोखंडी कॉटला लपायच्या जागा मोजक्या होत्या: पायांचे सांधे, पट्ट्यांच्या घड्या, नट-बोल्ट. उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन सांध्यांवर ओतलं की निम्मं काम व्हायचं, आणि लोखंडी कॉट असेल तर आजही तो उपाय उत्तम आहे. फक्त पाणी उकळतं असताना थेट सांध्यावर पडलं पाहिजे. बाथरूममधून आणेपर्यंत कोमट झालेल्या पाण्यानं ढेकणांची आंघोळ होते, एवढंच.

आता घरोघरी प्लायचे स्टोरेजचे पलंग आहेत, आणि ढेकणांसाठी याहून सोयीची वस्तू सुतारानं आजवर बनवलेली नाही. वरून सनमायका गुळगुळीत, पण आतला प्लाय उघडा. स्क्रूची भोकं, बिजागऱ्यांच्या मागची जागा, हायड्रॉलिकच्या दांड्याचा पाया, हेडबोर्ड भिंतीला जिथे टेकतो ती फट, कुशनवाल्या हेडबोर्डचं मागचं कापड. वर स्टोरेजमध्ये पाहुण्यांच्या गोधड्या, जुन्या साड्या आणि लग्नाचे अल्बम.

तर आधी स्टोरेज रिकामं करा. प्रत्येक वस्तू तिथेच, पलंगाशेजारी, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. खोलीबाहेर काहीही उघडं न्यायचं नाही. मग पलंगाचे फळे काढा, हेडबोर्ड स्क्रू काढून भिंतीपासून सोडवा. जमत नसेल तर तासाभरासाठी सुतार बोलवा, ते पैसे वाया जात नाहीत. दिसतील ते ढेकूण व्हॅक्यूम क्लीनरच्या निमुळत्या तोंडानं ओढून घ्या. व्हॅक्यूम नसेल तर ताठ केसांच्या ब्रशनं फटीतून खरवडून साबणाच्या पाण्याच्या टबात पाडा. अंडी चिकटलेली असतात, नुसत्या ओढण्यानं निघत नाहीत, खरवडावीच लागतात. व्हॅक्यूमची पिशवी लगेच बंद करून घराबाहेर टाका. नाहीतर ते त्यातूनही चालत बाहेर येतात.

पलंग झाला की त्याच्याभोवती दोन मीटरच्या परिसरात बघा: बाजूच्या टेबलाचे ड्रॉवर उलटे करून, पडद्याच्या घड्या, भिंतीवरच्या फोटोच्या आणि कॅलेंडरच्या मागे, स्कर्टिंगची फट, उशाशी ठेवलेली पुस्तकं, लॅपटॉपची बॅग. सोफ्यावर दुपारी कोणी झोपत असेल तर सोफा उलटा करून खालचं काळं जाळीदार कापड फाडा. ते शोभेचं असतं, नसलं तरी चालतं. स्विचबोर्डमागे संशय असेल तर मेन स्विच बंद करून, शक्यतो इलेक्ट्रिशियनकडूनच उघडवा. तिथे पाणी, वाफ, औषध काहीही मारायचं नाही.

सगळं परत जोडताना पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. चादर, मच्छरदाणी जमिनीला टेकता कामा नये. पलंगाला पाय असतील तर प्रत्येक पायाखाली साबणाचं पाणी भरलेली वाटी. जुन्या घरांत रॉकेलचे डबे ठेवायचे ती युक्ती बरोबर होती, पण रॉकेल नको, साबणाचं पाणी पुरतं. या वाट्या पुढे पहारेकरीही होतात, कारण त्यात किती पडतात ते रोज कळतं.

ऊन, वाफ, उकळतं पाणी

ढेकणाचा खरा शत्रू उष्णता. औषधाला ते सरावतात, उष्णतेला नाही. ४८ अंश सेल्सियसला दीड तासात अंड्यांसकट सगळे मरतात, ५० अंशांच्या वर काही मिनिटांतच. अडचण एवढीच की ते तापमान वस्तूच्या गाभ्यापर्यंत पोहोचलं पाहिजे.

कपडे, चादरी, अभ्रे, पडदे ६० अंशांच्या पाण्यात धुवा. मशीनला हीटर नसेल तर सुती कपडे सरळ उकळत्या पाण्यात अर्धा तास बुडवा. ड्रायर मिळाला तर धुण्याचीही गरज नाही, कोरडे कपडे जास्तीत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवले की झालं. धुतलेलं सगळं नव्या पिशवीत बंद करा आणि मोहीम संपेपर्यंत त्यातूनच वापरा. निम्मे कपडे धुऊन पुन्हा त्याच कपाटात रचले तर सगळं पाण्यात गेलं.

आता गच्चीवरच्या उन्हाबद्दल, कारण हा आपला सगळ्यांचा लाडका उपाय. गादी उन्हात टाकली की वरची बाजू तापते, आणि ढेकूण निवांतपणे खालच्या सावलीत जातात. कापसाच्या जाड गादीचा मधला भाग तर दिवसभरात पुरेसा तापतच नाही. उन्हाचा उपयोग करायचा तर तो बंद पिशवीतून करा: काळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत कपडे, गोधड्या, चपला, बॅगा थोड्या थोड्या, सैल भरा, तोंड घट्ट बांधा, तापलेल्या स्लॅबवर पसरा आणि दुपारी उलटा. मध्यभागी थर्मामीटर ठेवा. स्वयंपाकघरात वापरतात तो सळईचा डिजिटल थर्मामीटर फार महाग नसतो. मधे ५० अंश होऊन तासभर टिकले तर काम झालं. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात हे सहज साधतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये याचा नादच सोडा.

गादीच्या शिवणींना आणि सोफ्याला वाफ चांगली. कपड्यांचा साधा स्टीमरही चालतो, पण हात सावकाश चालवायचा, एक वीत अंतर कापायला दहा सेकंद तरी लागले पाहिजेत. स्टीमरच्या तोंडाशी फडकं बांधलं तर वाफेच्या झोतानं ढेकूण उडून दुसरीकडे पडत नाहीत. हेअर ड्रायर नेमकं तेच करतो, म्हणून तो नको. वाफ दिलेली गादी पूर्ण वाळू द्या, नाहीतर बुरशीचं नवं दुखणं.

पुस्तकं, मुलांची खेळणी, चामड्याच्या वस्तू तापवता येत नाहीत. त्या बंद पिशवीत उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये किमान चार दिवस ठेवा.

हे सगळं झाल्यावर गादीला चहूबाजूंनी चेनची, न फाटणारी खोळ घाला. आत उरलेला ढेकूण आतच अडकतो आणि बाहेरच्याला लपायला शिवण मिळत नाही. खोळ वर्षभर काढायची नाही. कापसाची गादी फारच भरली असेल तर ती उघडून, जुनी खोळ जाळून, कापूस पिंजून नवी करवून घेता येते, पण गादीवाल्याला आधी स्पष्ट सांगा आणि गादी बंद प्लास्टिकमधूनच न्या. त्याच्या दुकानात दहा जणांच्या गाद्या पडलेल्या असतात.

आता औषध

इथे थोडं सावध व्हा, कारण ढेकूण चावून कोणी मरत नाही, चुकीच्या औषधानं मात्र माणसं मेली आहेत. धान्य टिकवायला वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पलंगाखाली ठेवून खोली बंद करणं हा आत्मघात आहे. ओलाव्याशी संबंध आला की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, तो दाराच्या फटीतून शेजारच्या घरातही जातो. त्या गोळ्या सामान्य माणसाला विकायलाही परवानगी नाही. कोणी 'रामबाण' म्हणून चार गोळ्या आणून दिल्या तर घरात घेऊ नका. डायक्लोरव्हॉस हे उग्र वासाचं द्रव औषधही पूर्वी घराघरांत ढेकणांसाठी फवारलं जायचं. भारतात त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी कुठल्या तरी दुकानात जुनी बाटली काढून देणारे भेटतात. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट लाकडावर ओतून आगी लागल्या आहेत. तेही नको.

फुसफुस करून खोलीभर धूर सोडणारे फॉगर हवेतल्या डासासाठी ठीक, फटीत बसलेल्या ढेकणापर्यंत तो धूर पोहोचत नाही. उलट ते बिथरून शेजारच्या खोलीत पांगतात. कापूर, डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला, निरगुडी यांनी घराला वास येतो, ढेकूण जात नाहीत. झुरळांसाठीचा खडूही तसाच.

बाजारातल्या बऱ्याचशा फवाऱ्यांत डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात आणि ढेकणांच्या अनेक वाणांना ती आता फारशी लागू पडत नाहीत. म्हणून घरीच तेच औषध दुप्पट मारत बसण्यापेक्षा वेगळ्या गटातली औषधं माहीत असलेला परवानाधारक माणूस बोलवावा. कीटकनाशक कायदा १९६८ खाली व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो, तो दाखवायला सांगा. औषधाचं नाव विचारा, डबा बघा. भारतात प्रत्येक डब्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल किंवा पिवळा त्रिकोण झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका. किती फेऱ्या, किती दिवसांच्या अंतरानं, आणि आधी तुम्ही काय आवरून ठेवायचं, हे त्यानंच आपणहून सांगायला हवं. 'हर्बल आहे, वास नाही, काही हलवू नका, अर्ध्या तासात निघतो' असं म्हणणाऱ्याला काम कळलेलं नाही.

फवारणी फटी, सांधे, स्कर्टिंग, पलंगाचा आतला भाग इथे. अख्ख्या गादीवर आणि उशांवर नाही. त्या दिवशी लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण, मांजर-कुत्रा सगळे बाहेर, माशांची टाकी झाकून तिचा पंप बंद. औषध पूर्ण वाळल्यावर खिडक्या उघडून दोन-तीन तास हवा खेळू द्या. आणि मग एक चूक टाळा: स्वच्छतेच्या उत्साहात दुसऱ्या दिवशी सगळ्या कडा फिनेलनं पुसून काढू नका. मागे राहिलेलं औषधच पुढच्या पिल्लांना मारणार आहे. मधोमध पुसा, कडा दोन आठवडे सोडा. दुसऱ्या फेरीला पलंग पुन्हा तितकाच उघडायचा. याच वेळी माणसं आळस करतात.

भिंतीपलीकडे

चाळीत, सोसायटीत, वसतिगृहात तुमचं एकट्याचं घर स्वच्छ करून भागत नाही. वायरिंगच्या पाइपातून, सामाईक भिंतीच्या चिरांतून ते ये-जा करतात. दोन्ही बाजूच्या, वरच्या आणि खालच्या घराला सांगा. अवघड वाटतं, पण बहुधा समोरचाही सुटकेचा श्वास टाकून म्हणतो, 'आमच्याकडेही आहेत हो.' कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांनी मालकाकडे आपल्या एका कॉटची नाही, तर अख्ख्या मजल्याची फवारणी एकाच दिवशी मागावी. आणि घरकामाला येणाऱ्या मावशींवर खापर फोडण्याआधी आपली शेवटची स्लीपर बस आठवून बघा.

चाव्यांवर थंड पाण्याच्या घड्या ठेवा, खाजवू नका. ढेकणांमुळे माणसांत कुठला रोग पसरतो असा ठोस पुरावा नाही. पण खाजवून जखम चिघळली, अंग सुजलं किंवा मूल फिकट पडत चाललं असेल तर डॉक्टरकडे जा.

कधी संपलं म्हणायचं

दुसऱ्या फवारणीनंतर पांढरी किंवा फिकट चादर घाला आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, टॉर्च घेऊन शिवणी, हेडबोर्ड आणि पायांखालच्या वाट्या तपासा. जुने काळे ठिपके आधी पुसून ठेवलेले असले की नवा ठिपका लगेच कळतो. एखादा जिवंत दिसला तर तिसरी फेरी. सलग आठ आठवडे ना चावा, ना ठिपका, ना वाटीत काही, तर घर मोकळं झालं. मगच भिंतीच्या चिरा व्हाइट सिमेंटनं, लाकडाच्या फटी लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून टाका.

पुढे काळजी दोनच ठिकाणी लागते. ढेकणाच्या संगतीनं हिरा भंगतो म्हणतात. सेकंडहँड सोफ्याच्या संगतीनं घर भंगतं, त्यामुळे जुनं फर्निचर घेताना जिन्यातच उलटं करून टॉर्च मारा. आणि प्रवासातून, लग्नाच्या हॉलमधल्या गाद्यांवरून किंवा दिवाळीला वसतिगृहातून कोणी घरी आलं की बॅग पलंगावर नाही, बाथरूममध्ये उघडायची. कपडे थेट गरम पाण्यात, आणि रिकामी बॅग काळ्या पिशवीत बांधून गच्चीवर.